अव्वाची हाळी

तुरीचे सड पायात घुसत हुते आन् ऊन डोक्यात, अशा वक्ताला विरेशचा फोन आला. येळ अमावस्येला सहा दिस राहिले हुते. मी विळा खाली ठेवला, हात पदराला पुसले आन् फोन कानाला लावला. बहीण मेली का जगली हे विचारायची त्याला सवय न्हाय. तो म्हणला, ह्या येळ अमावस्येला शेतातच अव्वाचं, म्हंजे आमच्या आईचं, पुण्यस्मरण करायचं ठरवलंय, पन्नास-साठ माणसं येतील, स्वामींना सांगितलंय, तू आंबील, भज्जी आन् बाजरीचे उंडे अव्वा करायची तसे कर. मी म्हणलं, अव्वा माघात गेली, वर्साला अजून दोन म्हयने हायत. तर म्हणतो, त्या दिवशी लोक रानात जेवायला येतातच की, परत परत सुट्टी कोण काढतंय. सुट्टी कुणाची आन् चुलीम्होरं बसायचं कुणी, हे विचारायच्या आत फोन बंद.

विरेश माजा धाकटा भाऊ. सोलापुरात नवी पेठेत त्याचं साड्यांचं दुकान हाय. मी हितं कुंभारीच्या शिवारात, आमच्या चार एकरातल्या वस्तीवर. माज्याबरोबर बारा वर्सं राबणारी दगडाबाई पलीकडच्या ओळीत तूर कापत हुती. काय म्हणतोय म्हणून तिनं विचारलं, मी सांगितलं. तिनं तंबाखूची चिमूट ओठात दाबली आन् म्हणली, "माघापातूर दम निघंना व्हय त्यास्नी?"

मला बी तेच टोचत हुतं. उत्तर सांजच्याला मिळालं. बांधापलीकडचे कल्लप्पाकाका म्हशीला पाणी दाखवायला आमच्या विहिरीवर आले. म्हणले, पोरी, परवा तू बाजारला गेलीस तवा तुजा भाऊ दोन माणसं घेऊन आला हुता, टेप लावून रान मोजलं, विहिरीचा फोटो काढला, विहीर बुजवाया किती टिपर मुरूम लागंल ते बी बोलत हुते. मग काका खाली बघत म्हणले, त्यातला एकजण अव्वाच्या समाधीवर पाय ठेवून बुटातला खडा काढत हुता. मी विचारलं, आन् विरेश? काका म्हणले, तो फोनवर बोलत हुता.



सांगायचं म्हंजे एवढंच की आमच्या दोन्ही अंगांची रानं प्लॉट पाडून गेली हायत. मधी आमचं चार एकर उरलंय. ते अव्वाच्या नावावर हुतं, तिच्या मागं निम्मं माजं, निम्मं विरेशचं. माजी सही झाल्याबिगर तिथं एक दगड रोवता येत न्हाय. आमच्या लिंगायताच्या रीतीनं अव्वाला रानातच मातीत बसवून पंधरा दिस झाले नव्हते तवाच त्यानं हक्कसोडाचा कागद माज्याम्होरं ठेवला हुता. त्याच्या फ्लॅटात देवघराशेजारी एक खोली हाय, तितं मी राहायचं म्हणं. अक्षता, त्याची बायको, म्हणली हुती की ताई आल्या म्हंजे भाकरीला बाई लावायला नको. मी कागद तसाच परत दिला. तवापासनं ह्यो भाऊ मला अक्का म्हणायचा बंद झाला.

अव्वाचं नाव पार्वतम्मा. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, कानडी मुलखात. लगीन होऊन आली तवा तिला मराठीतलं पाणी आन् भाकरी एवढंच यायचं, बाकीचं ती सासूच्या शिव्या ऐकून शिकली. म्हणून ती मराठीत भांडायची आन् कानडीत लाड करायची. आमची विहीर खणली तवा मी पोटात हुते. आप्पा खाली पहार मारायचे आन् ही सात म्हयन्यांची बाई वर दोरानं टोपली वडायची. त्या विहिरीतला मुरूम अजून आमच्या अंगणात हाय.

येळ अमावस्येला आंबिलीचं गाडगं घेऊन रानाला फेरी घालायची, पिकावर आंबील शिंपडायची आन् हाळी द्यायची, हे घरातल्या कर्त्या बाप्याचं काम. आप्पा गेले तवा विरेश कॉलेजात. त्याला गाडगं घेऊन वरडत फिरायची लाज वाटली. मग अव्वानं कासोटा खोचला आन् गाडगं उचललं. पहिल्या साली शेजारच्या रानातली माणसं हसली. दुसऱ्या साली हसली न्हाईत. तिची हाळी चौथ्या बांधापातूर जायची आन् कल्लप्पाकाका म्हणायचे, पार्वतम्मा वरडली, आता आपण जेवायला बसू.

आन् तोच आवाज देवानं मला दिलाय. दुसरं कायबी दिलं न्हाय. ना तिचं रूप, ना तिची उंची. आप्पा मळ्यातनं "भुवे" म्हणून हाक मारायचे, मी घरातनं "ओ" दिली की म्हणायचे, तू न्हाय गं, भुवी कुटं हाय. माजं नाव भुवनेश्वरी, पण एवढं लांब मला कुणी कदी म्हणलं न्हाय.

माज्या चोविसाव्या वर्साला नवऱ्यानं दुसरी आणली. कुणीतरी अव्वाला सांगितलं. ती एस्टीनं आली, दारात उभी राहिली, भांडली न्हाय, पाणी बी प्याली न्हाय. माजी ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली आन् म्हणली, "साकू. चल." कानडीत साकू म्हंजे पुरे. त्याला बावीस वर्सं झाली. बावीस वर्सांत तिनं एकदा बी मला त्या घरावरनं बोल लावला न्हाय. पण खोटं कशाला बोलू, तिचा जीव लेकावर. दुधाची साय झाकून ठेवायची, तो आठ दिसांनी येईल म्हणून. मला ताक. मी तिला म्हणायची, रानात राबतंय कोण आन् साय खातंय कोण? ती म्हणायची, तुला काय कळतंय.

नऊ वर्सांमागं विरेशला दुकान वाढवायचं हुतं. विहिरीकडचा एकर विकायला अव्वा अंगठा देईना. सोप्यात दोघांचं वाजलं आन् त्यानं तिला ढकललं. ती जात्यावर पडली, डावं मनगट मोडलं. मी मळ्यातनं पळत आले तवा ती हात मांडीवर घेऊन बसली हुती आन् तो गाडी चालू करत हुता. दवाखान्यात डॉक्टरला तिनं सांगितलं, विहिरीच्या पायरीवरनं घसरले. गावाला बी तेच सांगितलं. मला म्हणली, तोंड उघडलंस तर माजं मेलेलं तोंड बघशील. मनगट वाकडं बसलं. त्याच हातानं तिनं पुढं आठ वर्सं भाकऱ्या थापल्या.

आता माजं पाप सांगते.

गेल्या वर्सी श्रावणात अव्वाला अर्धांग झालं. उजवं अंग गेलं आन् जीभ गेली. एक शब्द फुटंना. विरेश तवा माल भरायला सुरतेला गेलेला. दोन दिस दवाखान्यात ठेवून कल्लप्पाकाकांच्या जीपमधनं मी तिला वस्तीवर आणली. तिसऱ्या दिवशी, गावातनं कळल्यावर, त्याचा फोन आला. अव्वा अंथरुणाला खिळली तर तिला शहरात म्हाताऱ्या माणसांच्या सेंटरला ठेवायचं आन् वस्तीला कुलूप लावायचं, हे तो आदीपासनं म्हणत हुता. फोनवर बी पहिलं तेच, बोलती का ती? बोलत नसेल तर मी गाडी घेऊन येतो. फोन स्पीकरवर हुता. अव्वानं ऐकलं आन् डाव्या हातानं माजं मनगट असं धरलं की नखं रुतली. मी तोंड उघडलं आन् माज्या तोंडातनं तिचा आवाज आला. "इरू, ऊट आतेनो?" जेवलास का रे. ती फोन उचलला की पहिलं हेच विचारायची.

 तो म्हणला, अव्वा, बरी हायस का. मी म्हणलं, बरी हाय, तू तुजं दुकान बघ.

तितनं म्होरं सहा म्हयने मी दोन बायका झाले. आठवड्यातनं दोन-तीनदा त्याचा फोन यायचा. आदी माज्या आवाजात म्हणायचं, थांब, देते अव्वाला. मग तिच्या कानडी हेलात, तिच्या आवाजात. दिवाळीला एकदा आला, अव्वाचं तोंड भितीकडं हुतं, मी म्हणलं, गोळीनं झोप लागलीय. त्यानं सफरचंदाची पिशवी ठेवली, दहा मिनिटं बसला, गेला. अव्वा जागी हुती. तिच्या डोळ्यांतनं पाणी उशीवर गेलेलं मी नंतर पुसलं.

तिच्याशी बोलायला मी चमचा दिला हुता. खाटेच्या लोखंडी दांडीवर एकदा वाजवला तर व्हय, दोनदा वाजवला तर न्हाय. हे दगडाबाईला ठाऊक, कारण अव्वाला धुवायला-पुसायला तीच माज्या हाताखाली हुती. बाकी वस्तीवर कोण येतंय.

कार्तिकात विरेश म्हणला, पुढच्या रविवारी वकील घेऊन येतो, अव्वाचा अंगठा घेऊ.  वकील आला तर सगळं उघडं पडणार. मी अव्वाच्या आवाजात म्हणलं, "कशाला वकील, इरू? शेत तुजंच हाय की. भुवीला काय, दोन भाकरी मिळाल्या म्हंजे झालं. तू आदी जेव." खाटेवरनं चमचा वाजला, दोनदा. परत दोनदा. मी तिचा हात दाबून धरला. वकील आला न्हाय, पण त्या दिवशी अव्वानं माज्या हातनं घास घेतला न्हाय.

आन् पौषात एकदा तो फोनवर रडला. बापई माणूस हुंदके देत हुता. मनगटाचं बोलला, माफ कर म्हणला. मला त्याच्या रडण्याचा राग आला. फोन खाटेवर तसाच ठेवून मी दाराकडं तोंड करून भांडी आवरत हुते, तितनंच तिच्या आवाजात वरडून म्हणलं, "माफ केलं रे, माफ केलं," आन् ताटल्या आपटल्या. अव्वाकडं मी बघितलंच न्हाय. म्हयन्यानं ती गेली.

अमावस्येच्या आदल्या दिवशी मी आन् दगडाबाई पहाटेपासनं कामाला लागलो. तूर, वाटाणा, हरभरा, ओले शेंगदाणे सोलून बोटांची सालं निघाली. मेथी, पालक, चाकवत तीन पाण्यानं धुतला. बाजरीचं पीठ मळून मळून माजा खांदा भरून आला. ताक अव्वाच्याच मडक्यात आंबवलं. रानात कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी केली, आत पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून मांडलं. समाधी सारवली. जिथं त्या माणसानं पाय ठेवला हुता तितं दोनदा सारवलं.

सकाळी विरेशची माणसं आली, मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, पुरुषभर उंचीचा स्पीकर आणून ठेवला. ज्वारीच्या म्होरं, पार पिकात दोन बांबू रोवून फ्लेक्स बांधला. अव्वाचा फोटो, खाली शोकाकुल म्हणून नावांची रांग. विरेश, अक्षता, अक्षताचे आईवडील, भाऊ, दुकान, दुकानाचा फोन नंबर. दगडाबाईला वाचता येत न्हाय. तिनं बोट फिरवत विचारलं, "अक्का, तुमचं नाव कुटं हाय?" मी म्हणलं, चुलीत लाकूड सार.

बारापातूर गाड्या आल्या. नवी पेठेतले व्यापारी, अक्षताकडचे पाव्हणे, जंगम शिवयोगी स्वामी. कल्लप्पाकाका बांधावरनं चालत आले आन् मागं जमिनीवर बसले. बायका माज्या चुलीजवळ येऊन फोटो काढत हुत्या, धुरात उभ्या राहून हसत हुत्या. अक्षतानं मला सांगितलं, ताई, जरा बरं लुगडं नेसा, आन् आंबील ग्लासात द्या, गाडग्यात कोण पिणार. मी तिला ग्लास दिले न्हाईत.

पूजा झाली. मग विरेश माईक घेऊन उभा राहिला. आईनं मला कसं वाढवलं, आई कशी माउली हुती. बोलायला लई गोड. विहीर तिनं खणली म्हणला, आन् ती बुजवायची हे पोटात. लोकांचे डोळे भरले. मग म्हणला, माझ्याकडे आईचा आवाज आहे, फोनवर आपोआप रेकॉर्ड झालेला, तो तुम्हा सगळ्यांना ऐकवतो. मी उंड्याची परात घेऊन उभी हुते. 

स्पीकरमधनं आवाज आला. इरू, ऊट आतेनो. बायकांनी तोंडाला पदर लावले. स्वामींनी डोळे मिटले. मग ते सगळं आलं, शेत तुजंच हाय की, भुवीला काय, दोन भाकरी. आन् मागं, भांडं लागावं तसं, चमचा. दोनदा. परत दोनदा. लोकांना ते भांड्याचं वाटलं असंल. दगडाबाईनं माज्याकडं बघितलं.

विरेशनं खिशातनं कागद काढला. म्हणला, अक्का, आज अव्वासमोर सही कर. दहा म्हयन्यांनी अक्का म्हणला, ते बी माईकवरनं. कागद समाधीवर ठेवला, वर पेन ठेवला. कुणी म्हणलं, आईची इच्छा हाय बाई, मोडू नये. स्वामी म्हणले, बाळ, गेलेल्या जिवाचा शब्द हाय. साठ माणसं माज्याकडं बघत हुती आन् मी पिठाच्या हातानं उभी. सही केली असती तर सगळ्यांनी मला चांगली म्हणलं असतं, आन् पाडव्याच्या आत विहिरीत मुरूम पडला असता.

मी परात खाली ठेवली.

"तो आवाज अव्वाचा न्हाय," मी म्हणलं. "माजा हाय."

कुणाला कळलंच न्हाय. अक्षता पहिल्यांदा बोलली. म्हणली, शेतासाठी आता आईंचा आवाजपण तुमचाच का? पाव्हण्यांत खसखस पिकली. विरेश दात खाऊन म्हणला, तोंड सांभाळ, लोक आहेत.

मग मी समाधीजवळ गेले आन् अव्वाच्या आवाजात बोलले. माईक लागला न्हाय. "कशाला वकील, इरू? शेत तुजंच हाय की. भुवीला काय, दोन भाकरी मिळाल्या म्हंजे झालं. तू आदी जेव."

मागं कल्लप्पाकाका उठून उभे राहिले आन् त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.  एका बाईनं लेकरू जवळ वडलं.

मी सगळं सांगितलं. श्रावणातलं अर्धांग, गेलेली जीभ, सेंटरचं, कुलपाचं. दगडाबाई चुलीपासनं उठून आली आन् म्हणली, म्हातारीनं श्रावणापासनं एक शब्द काढला न्हाय, मी माज्या हातानं धुतलंय तिला, चमच्यानं बोलायची ती, एक म्हंजे व्हय आन् दोन म्हंजे न्हाय. परत लावा तो फोन आन् मोजा किती वाजला ते. कुणी परत लावायला सांगितलं न्हाय. सगळ्यांनी ऐकलंच हुतं.

विरेश माज्याकडं बघत हुता. त्याचं तोंड लहानपणी ताप यायचा तवाच्यासारखं झालं हुतं. म्हणला, सहा महिने मी कुणाशी बोलत होतो? मी म्हणलं, माज्याशी. तो जवळ आला, एवढा की त्याच्या अंगावरच्या अत्तराचा वास आला, आन् शहरातली मराठी सोडून हळू म्हणला, "मग ते माफ केलं, ते कुणी म्हणलं?"

मला ठाऊक हुतं मी काय करतेय. बावीस वर्सांची साय माज्या डोळ्याम्होरं हुती.

"मी म्हणलं," मी सांगितलं. "अव्वानं तुला माफ केलं न्हाय. आन् मी बी मनातनं म्हणलं न्हवतं."

 त्यानं कागद उचलला न्हाय. मांडवाच्या कडंला त्याची गाडी हुती, तितं जाऊन आत बसला आन् दार लावून घेतलं. अक्षता मागं गेली तर आतनं कडी. मला बरं वाटलं. इतकं बरं मला लई वर्सांत वाटलं नव्हतं.

पाव्हणे उठावं का बसावं ह्या विचारात. तवाच त्या मोठ्या स्पीकरमधनं परत आवाज आला. गाडीत बसून तो फोन लावून ऐकत हुता, पण फोन त्या स्पीकरलाच बिनवायरीनं जोडलेला राहिला हुता. आवाज काचेतनं त्याला ऐकू जात हुता, पण सगळेच ऐकतायत ह्याचं भान त्याला न्हवतं. आम्हाला सगळं ऐकू येत हुतं. त्याचे हुंदके. "अव्वा, त्या दिशी मी तुला ढकललं. तुजं मनगट मी मोडलं. कुणाला बोलली न्हाईस. माफ कर गं मला." नवी पेठेतले व्यापारी खाली बघायला लागले. अक्षताचा हात गाडीच्या काचेवर तसाच राहिला. मग माजा आवाज, लांबनं, दाराकडनं. माफ केलं रे, माफ केलं. ताटल्यांचा खडखडाट.

आन् मग सगळं शांत झाल्यावर, अगदी फोनच्या जवळ, चमचा वाजला.

एकदा.

मी दुसऱ्याची वाट बघितली. दगडाबाई बी बघत हुती. स्पीकरमधनं नुसता त्याचा तवाचा श्वास येत हुता. दुसरा वाजला न्हाय. मग त्यानं परत तेवढंच मागं घेऊन लावलं. परत एकदाच. तिसऱ्यांदा लावलं. कुणीतरी धावत जाऊन स्पीकरची वायर उपसली.

दगडाबाई हळूच म्हणली, "व्हय म्हणली की गं म्हातारी."

माज्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं कदी माज्या राबण्याला व्हय म्हणलं न्हवतं, आन् त्याला एका रडण्यावर म्हणलं. मनगट तिचं, मोडलं त्यानं, गू-मूत काढलं मी, आन् शेवटचं व्हय त्याला. मेलेल्या आईवर माणूस एवढं चिडतं का, मला ठाऊक न्हाय, मी चिडले. शेतासाठी दोन, लेकासाठी एक. चमच्यानं तिनं दोन्ही खरं सांगून ठेवलं हुतं आन् माजाच आवाज मधी कडमडला.

स्वामींनी समाधीवरचा कागद उचलला, चार घड्या घातल्या आन् अक्षताच्या हातात दिला. गाडीच्या काचेआड विरेश कपाळ स्टेअरिंगला लावून बसला हुता. कुणी जेवायला सुरुवात करंना, कारण हाळी झाल्याबिगर आमच्यात ताट वाढत न्हाईत. कल्लप्पाकाका माज्याकडं बघून म्हणले, पोरी, ऊन कलतंय.

मी हात धुतले, कासोटा खोचला आन् आंबिलीचं गाडगं उचललं. कर्त्या बाप्याचं काम. कर्ता बाप्या गाडीत रडत हुता. ज्वारी माज्या छातीला लागत हुती, पानांनी हात कापत हुते. कडुनिंबाच्या डहाळीनं मी आंबील शिंपडली, उजव्या अंगाला, डाव्या अंगाला, फ्लेक्सवर बी पडली. विहिरीजवळ उभी राहिले आन् छाती भरून हाळी दिली. लांबच्या बांधावरनं कुणीतरी परत हाळी दिली, त्यांस्नी वाटलं असंल पार्वतम्माच हाय.

मागं गाडीचं दार उघडल्याचं ऐकू आलं. पाय वाजले, ढेकळांत अडखळत. मी वळून बघितलं न्हाय. तो माज्या मागं चार पावलांवर येऊन थांबला आन् घोगऱ्या आवाजात म्हणला, "परत एकदा दे की."

हाळी द्यायचीच हुती, निम्मं रान राहिलं हुतं. पण त्याच्यासाठी म्हणून मी दिली न्हाय. गाडगं त्याच्या हातात दिलं, त्याच्या पंचेचाळीसाव्या वर्साला पहिल्यांदा, आन् म्हणलं, "आता तू वरड. मी ऐकते."

तो उभाच राहिला. आंबील त्याच्या बुटावर सांडत हुती. तोंड उघडलं, पण आवाज फुटला न्हाय.